एवढी लिंक भरते आणि आले!

सांगली जिल्ह्यातल्या एका शिक्षिकेचं पत्र आलं आहे. ते थोडं आटोपतं करून देते.

‘मी एका खेड्यात जिल्हा परिषदेच्या दोनशिक्षकी शाळेत शिकवते. वय ४३. यजमानांचं कृषी सेवा केंद्र आहे. मुलगा दहावीत, मुलगी सहावीत, सासूबाई आमच्याजवळच असतात. घरात भांडण नाही. पण रात्री आठनंतर आम्ही चौघं चार कोपऱ्यांत फोन घेऊन आणि सासूबाई टीव्हीसमोर. माझ्या फोनवर आसपासच्या शाळांच्या केंद्राचा ग्रुप, तालुक्याचा ग्रुप, पालकांचा ग्रुप, प्रशिक्षणाचा ग्रुप. ऐन रात्री मेसेज येतो, तातडीने लिंक भरा, म्हणजे लिंक उघडून शाळेची माहिती ऑनलाइन भरा. मी म्हणते, एवढी लिंक भरते आणि आले. लिंक पाच मिनिटांत भरून होते आणि मी तासाभरानं उठते. मधला वेळ रील्समध्ये जातो. इन्स्टाग्राम कितीदा काढून टाकलं, चार दिवसांत परत घेतलं. मागच्या महिन्यात कळलं, गॅदरिंगच्या नाचात मैत्रिणींनी मुलीला घेतलं नाही म्हणून ती आठवडाभर रडत होती. हे तिनं आजीला सांगितलं, मला नाही. सासूबाई म्हणाल्या, “दोनदा आली होती तुझ्याकडं. तू मान वर केली नाहीस.” माझी आई कराडला एकटी असते. तिच्याशी फोनवर बोलतानाही माझा अंगठा स्क्रीनवर चालू असतो आणि तिला ते कळतं. यजमानांशी तर कामापुरतंच बोलणं उरलंय. फोन सोडता येत नाही, नोकरीच त्याच्यावर आहे. मी काय करू? आणि दहावीचं वर्ष संपेपर्यंत मुलाचा फोन काढून घेऊ का?’

ताई,

सासूबाईंचं ते वाक्य तुम्हाला लागलं असणार. पण ते पुन्हा एकदा वाचा. मुलगी दोनदा तुमच्याकडे आली होती. म्हणजे मनातलं सांगायला तिला आधी तुम्हीच आठवलात, आजी नंतर. अकरा-बारा वर्षांच्या मुलीनं आईकडे यावं आणि आई कुठे हरवली आहे हे वेळेवर आईच्या लक्षात यावं, एवढं भांडवल तुमच्या हाताशी आहे. त्यावर पुष्कळ काही उभं करता येतं.

मला जे सांगायचं आहे ते आधीच सांगून टाकते. तुम्ही आजवर हे सगळं एकट्यानं करून पाहिलंत, आणि दर वेळी काय सोडायचं एवढंच ठरवलंत. सोडून जो वेळ हाती येणार तो कुणाला द्यायचा, हे ठरलं नव्हतं. इन्स्टाग्राम काढल्यावर रात्री साडेनऊ वाजता तुम्ही काय करत होतात? मुलगी झोपायला गेलेली, यजमान यूट्यूबवर, सासूबाई मालिकेत. त्या रिकाम्या घरात हात पुन्हा फोनकडे जाणारच. घरानं मिळून एक वेळ ठरवली आणि त्या वेळेत कोण कुणाजवळ बसणार हे आधी माहीत असलं, तर मात्र ते टिकतं. पुढचं सगळं या एका गोष्टीसाठी आहे.

पण आधी तुमच्या अपराधीपणाबद्दल. ‘मला स्वतःवर ताबा नाही’ असं तुम्ही पत्रात आणखी एका ठिकाणी लिहिलं आहे. ते मला मान्य नाही. तुमच्या हातात जे आहे ते बनवणाऱ्यांनी तुमचा वेळ डोळ्यांसमोर ठेवूनच बनवलं आहे. पूर्वी संकेतस्थळावर पान संपायचं, ‘पुढचं पान’ दाबावं लागायचं, आणि तेवढ्यात माणूस भानावर यायचा. २००६ मध्ये अझा रास्किन या संगणकतज्ज्ञानं कधीच न संपणाऱ्या पानाची रचना केली, आणि पुढे त्याचा त्याला जाहीर पश्चात्ताप झाला. फेसबुकचे पहिले अध्यक्ष शॉन पार्कर यांनी २०१७ मध्ये उघडपणे सांगितलं की, लोकांचा जास्तीत जास्त वेळ आणि लक्ष कसं घेता येईल, हाच सुरुवातीचा विचार होता. रील्सचंही तसंच. पुढची रील मजेची निघेल की भिकार, हे आधी कळत नाही, आणि नेमकं म्हणूनच अंगठा थांबत नाही. बक्षीस दर वेळी मिळण्यापेक्षा अधूनमधून, अवचित मिळालं तर प्राणी ती कृती जास्त चिकाटीनं करत राहतो, हे मानसशास्त्रज्ञ बी. एफ. स्किनर यांनी कबुतरांवरच्या प्रयोगांतून गेल्या शतकातच दाखवून दिलं होतं.

आपल्याकडे तर हे फार थोड्या वर्षांत घरात शिरलं. सप्टेंबर २०१६ मध्ये जिओ आलं आणि डेटा स्वस्त झाला. २०२० च्या टाळेबंदीत ‘शाळा बंद, पण शिक्षण सुरू’ म्हणत तुम्हीच पालकांचे ग्रुप बनवलेत. ते काम मोलाचं होतं. त्याच वर्षी २९ जूनला टिकटॉकवर बंदी आली. पुढच्याच महिन्यात इन्स्टाग्रामनं भारतात रील्स आणले, आणि सप्टेंबरमध्ये यूट्यूबनं शॉर्ट्सची पहिली चाचणी भारतातच घेतली. शाळा परत उघडल्या, ग्रुप मात्र राहिले, आणि त्याच फोनात, त्याच बोटाखाली, रील्सही राहिल्या. ज्या फोनवर पोषण आहाराची माहिती भरायची त्याच फोनवर हा सगळा बाजार भरलेला असतो. किराणा आणायला जत्रेतून जावं लागावं, तशी तुमची रोजची वाट आहे. त्यामुळे इच्छाशक्ती वाढवायच्या मागे लागू नका. वाट बदलू या.

पहिलं काम शाळेतलं, कारण तुमच्या बाबतीत सुरुवात तिथूनच होते.

सगळे मेसेज सारखे नसतात, हे तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त ठाऊक आहे. रात्री साडेआठला आलेली ‘तातडीची’ लिंक बहुतेक वेळा दुसऱ्या दिवशी सकाळी अकरापर्यंत भरली तरी चालते. एखादीच खरोखर त्याच रात्रीची असते. अडचण अशी की, ती एखादी ओळखण्यासाठी तुम्ही सगळे मेसेज उघडता. तुमची शाळा दोनशिक्षकी आहे, याचा इथे फायदा करून घ्या. सहकाऱ्यांशी बोला आणि संध्याकाळ वाटून घ्या. सोमवार, बुधवार, शुक्रवार ग्रुप त्यांनी बघायचा, इतर दिवशी तुम्ही. ज्याची पाळी नाही त्यानं ग्रुप उघडायचाच नाही. काही खरंच निकडीचं आलं तर पाळीवाल्यानं दुसऱ्याला सरळ फोन लावायचा. यासाठी कुणाच्या परवानगीची गरज नाही. शाळेचं काम अडत नाही आणि आठवड्यातल्या निम्म्या संध्याकाळी तुमच्या राहतात.

केंद्रप्रमुखांनाही, म्हणजे तुमच्या केंद्रातल्या शाळा बघणाऱ्या अधिकाऱ्यांनाही, सांगा. लपूनछपून ग्रुप बंद ठेवला तर तुमच्या मनात धाकधूक राहील आणि तुम्ही चोरून बघाल. त्याऐवजी एखाद्या केंद्रसंमेलनात, चारचौघांत नको, बाजूला भेटून म्हणा, ‘सर, माझी पाळी नसेल त्या दिवशी संध्याकाळी साडेसातनंतर मी ग्रुपवर नसते. तातडीचं असेल तर फोन करा, मी उचलते.’ भांडणाचा सूर नको, मागणीचाही नको. फक्त माहिती द्या. बहुतेक अधिकाऱ्यांना उत्तर हवं असतं, ते कोणत्या मार्गानं आलं याच्याशी त्यांना देणंघेणं नसतं. कामाच्या वेळेनंतर संपर्कात न राहण्याचा हक्क असावा, म्हणून सुप्रिया सुळे यांनी २०१८ मध्ये लोकसभेत खासगी विधेयक मांडलं होतं. त्याचा कायदा झाला नाही, म्हणजे तुम्हाला आधाराला नियम नाही. पण ही तक्रार तुमच्या एकटीची नाही एवढं तरी त्यावरून कळतं. केंद्रातल्या आणखी दोघी-तिघी हेच बोलू लागल्या तर साहेबांनाही मेसेज दुपारी टाकायची सवय लागेल. शिक्षिकांनी हे एकमेकींत बोलायलाच हवं असं मला मनापासून वाटतं. घरी चूल सांभाळून रात्री लिंक भरणारी बहुतेक वेळा बाईच असते.

आता फोनमधल्या काही गोष्टी. त्या एका रविवारी बसून करून टाका. व्हॉट्सअॅपवर शाळेचे सगळे ग्रुप कायमसाठी म्यूट करा आणि अर्काइव्हमध्ये टाका. मेसेज येत राहतील, पण तुम्ही उघडाल तेव्हाच दिसतील. अँड्रॉइड फोनमध्ये ‘डू नॉट डिस्टर्ब’ची वेळ लावून ठेवता येते. त्यात आई, यजमान, मुख्याध्यापक, केंद्रप्रमुख अशा निवडक माणसांचे फोन वाजू द्यायची सोय आहे. अनोळखी नंबरवरून कुणी पंधरा मिनिटांत दुसऱ्यांदा फोन केला तर तोही वाजू देता येतो. रात्रीबेरात्री आईला काही झालं आणि शेजारणीनं फोन केला तर, ही भीती तुमच्या मनात असणारच. ती या एका सोयीनं बरीच कमी होते.

इन्स्टाग्राम पुन्हा काढा, पण या वेळी फेसबुक आणि यूट्यूबचाही विचार करा. नाहीतर तीच रील तिथे दिसते. यूट्यूब मुलांच्या वर्गासाठी लागतं, म्हणून ते ठेवा. फक्त त्यातला पाहिलेल्या व्हिडिओंचा इतिहास पुसा आणि बंद करून ठेवा. मग उघडल्यावर समोर येणारी व्हिडिओंची रांग नाहीशी होते. जे हवं ते शोधायचं, बघायचं आणि बाहेर पडायचं. फोनमध्ये ‘डिजिटल वेलबीइंग’ नावाचा भाग असतो. तिथे किती तास गेले हे बघून नुसतं वाईट वाटतं. त्यापेक्षा आपण दिवसातून किती वेळा फोन उघडला ते बघा, आणि उघडल्यावर आधी कुठे जातो हे दोन दिवस स्वतःच टिपून ठेवा. तुमचा पहिला थांबा बहुधा व्हॉट्सअॅपच निघेल आणि रील्स दुसऱ्या थांब्यावर. म्हणूनच शाळेचं आधी सांगितलं.

आणि एक घड्याळ विकत आणा. साधं, गजराचं. उशाशी फोन ठेवायचं सगळ्यात मोठं निमित्त सकाळचा गजर असतो.

आता घर. इथे मला जास्त वेळ थांबायचं आहे.

तुमच्याच जिल्ह्यात, कडेगाव तालुक्यात, मोहित्यांचे वडगाव आहे. तिथल्या भोंग्याची बातमी तुम्ही वाचली असेल. टाळेबंदीनंतर मुलं अभ्यासाला बसेनात, फोन सोडेनात, अशी शिक्षकांची तक्रार होती. गावानं स्वातंत्र्यदिनाच्या तोंडावर ठरवलं, आणि १५ ऑगस्ट २०२२ पासून रोज संध्याकाळी सात वाजता मंदिरावरचा भोंगा वाजू लागला. भोंगा झाला की घराघरांत फोन बंद, टीव्ही बंद. साडेआठला पुन्हा भोंगा, मग ज्याला जे बघायचं ते बघावं. दीड तास मुलांनी अभ्यास करायचा, मोठ्यांनी वाचायचं, बोलायचं. सुरुवातीला लोक हसले. आशाताई, अंगणवाडी सेविका, निवृत्त शिक्षक घरोघर जाऊन सांगत राहिले.

देशभरातले पत्रकार तो भोंगा बघायला आले. मला त्या भोंग्यापेक्षा त्यामागचा विचार महत्त्वाचा वाटतो. गावानं फोन वाईट आहे असं म्हटलं नाही. दिवसभर वापरा, फक्त हा दीड तास नको, एवढंच म्हटलं. वेळेला सुरुवात होती तसा शेवटही होता. साडेआठ वाजणार हे माहीत असलं की सात वाजता फोन खाली ठेवणं सोपं जातं. दुसरं, मुलांना सांगण्याआधी मोठ्यांनी स्वतःचं बघितलं. गावातल्या बायकांनी आधी एकत्र बसून, आपणही मालिकांत अडकलो आहोत, हे मान्य केलं. आणि तिसरं, सगळ्यांचं एकाच वेळी. शेजारच्या घरातही टीव्ही बंद आहे, मित्रही ऑनलाइन नाही, म्हणजे आपलं काही सुटतंय ही रुखरुख नाही.

तुमच्या घरात भोंग्याची गरज नाही, पण हे तिन्ही हवं. तास कोणता, हे तुम्ही एकट्यानं ठरवू नका. ‘तुमचं दुकान, तुमच्या मालिका, तुमचा अभ्यास, सगळं सांभाळून कोणता एक तास निघेल?’ असं सगळ्यांना विचारा. विचारायला सुरुवात सासूबाईंपासून करा. त्यांच्या दिवसात करमणूक म्हणजे त्या दोन मालिका. त्यांच्या आवडीच्या वेळेवरच घाव घातला तर ठराव पहिल्या दिवशीच मोडेल, आणि ते बरोबरही नाही. मालिका साडेआठला संपत असेल तर साडेआठ ते साडेनऊ घ्या. तोवर यजमानही दुकान बंद करून आलेले असतील. रोज जमत नसेल तर आठवड्यातून चार दिवस घ्या, पण ते चार पक्के.

त्या वेळेत फोन कुठे असणार, हेही ठरवा. खिशात किंवा पालथा घालून शेजारी ठेवलेला चालणार नाही. २०१७ मध्ये ऑस्टिनच्या टेक्सास विद्यापीठातल्या संशोधकांनी सुमारे ८०० जणांना लक्ष देऊन करायची कामं दिली होती. कुणाचा फोन टेबलावर, कुणाचा खिशात, कुणाचा दुसऱ्या खोलीत. दुसऱ्या खोलीत फोन ठेवणाऱ्यांना ती कामं टेबलावर फोन ठेवणाऱ्यांपेक्षा चांगली जमली. नंतरच्या काही अभ्यासांत हा फरक इतका ठळक दिसला नाही, त्यामुळे मी त्यावर फार भार टाकणार नाही. पण बोलणाऱ्याच्या बाजूनं विचार करा. समोरच्याच्या हातात फोन असला की आपण आपलं सांगणं आखडतं घेतो. तुमच्या मुलीनं तेच केलं. म्हणून फोन बाहेरच्या खोलीत, एकाच जागी, सगळ्यांचे एकत्र. वाजला तर जाऊन उचलायचा. यजमानांना शेतकऱ्यांचे फोन येणार. द्राक्षावर दावणी हा रोग दिसला की माणूस वेळ बघत नाही, त्याला औषध आणि प्रमाण त्याच क्षणी हवं असतं. तो फोन त्यांनी घ्यावा, उभ्यानं बोलावं, आणि फोन परत तिथेच ठेवून यावं. बोलायला मुभा, बघायला नाही. एवढा एक नियम पुरेल.

आता या तासात करायचं काय? ‘चला, आता गप्पा मारू’ असं म्हणून पाचही जण एकमेकांच्या तोंडाकडे बघत बसलात तर दहा मिनिटांत सगळे अवघडतील. मुलगा तर उठूनच जाईल. हातांना काम द्या. जेवण त्याच तासात घ्या, आणि जेवणाआधीचं, नंतरचं कामही. पालेभाजी निवडायची असते, शेंगा फोडायच्या असतात, वाळलेल्या कपड्यांच्या घड्या घालायच्या असतात, उद्याचे डबे, मुलाच्या वह्यांना कव्हर, सासूबाईंच्या गुडघ्याला तेल. हात गुंतलेले असले आणि नजरा एकमेकांवर रोखलेल्या नसल्या की माणूस बोलतो. लहान मुलं तर फार. समोर बसवून विचारलं तर ‘काही नाही’ हेच उत्तर येतं. शेजारी बसून मेथी निवडताना मात्र शाळेतलं सगळं आपोआप बाहेर येतं. रोज येणार नाही. चार दिवस नुसती मेथीच निवडली जाईल. ते दिवसही वाया गेले असं समजू नका, कारण पाचव्या दिवशी तिला सांगावंसं वाटेल तेव्हा तुम्ही तिथे असाल.

गॅदरिंगची गोष्ट तुम्ही स्वतःहून काढा, पण ‘मला का नाही सांगितलंस?’ असं विचारू नका. ती सांगायला आली होती. म्हणा, ‘आजीनं मला नाचाचं सांगितलं. तू माझ्याकडं आली होतीस आणि मी फोनमध्ये होते. ते माझं चुकलं.’ एवढं म्हणून थांबा. लगेच त्या मैत्रिणींच्या आयांना फोन लावू नका, बाईंशी बोलायची घाई करू नका. तुम्ही शिक्षिका आहात, प्रश्न दिसला की सोडवायला धावणं तुमच्या अंगात असणार. पण गॅदरिंग होऊन गेलं आहे. तिला आता उपाय नको असेल, फक्त ते किती लागलं हे आईला कळावं असं वाटत असेल. ती रडली तर रडू द्या. ती म्हणाली, ‘जाऊ दे, आता काही नाही’, तर तेही ऐकून घ्या आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा तिच्या शेजारी बसा.

यजमानांचं वेगळं. पत्रात तुम्ही त्यांच्याबद्दल एकच वाक्य लिहिलंत, आणि मला ते सगळ्यात जड वाटलं. ते किती वेळ यूट्यूब बघतात हे मोजू नका, आणि मुलांसमोर तर काढूच नका. दिवसभर दुकानात उधारीवाल्यांशी, कंपन्यांच्या माणसांशी बोलून आलेल्या माणसाला घरी आल्यावर गप्प बसावंसं वाटतं. तो गप्पपणा फोनच्या आधीही होता, फोनानं त्याला जागा दिली. त्यांना तासाभराच्या ठरावात घ्या, पण त्याशिवाय दोघांसाठी थोडी वेगळी वेळ काढा. रात्री जेवल्यावर रस्त्यानं एक फेरी, फोन घरी ठेवून, हे बहुतेक जोडप्यांना जमतं. खेड्यात लोक बघतील, विचारतील, ‘काय, डॉक्टरनं सांगितलं काय?’ हो म्हणा. पहिले काही दिवस तुम्ही मुलांचं आणि पैशांचंच बोलाल. चालेल. संसारातलं प्रेमही बरंचसं त्याच बोलण्यातून वाट काढतं. सध्या ते बोलणंही भाजी आणायच्या मेसेजपुरतं उरलं आहे, इतकंच.

कराडच्या आईला रोज अर्धवट फोन करण्यापेक्षा आठवड्यातून तीनदा पूर्ण फोन करा. वेळ ठरलेली असू द्या, म्हणजे तीही वाट बघेल, चहा घेऊन बसेल. बोलताना इअरफोन लावा, फोन खिशात किंवा पर्समध्ये टाका आणि अंगणात चाला, म्हणजे अंगठ्याला काही सापडणार नाही. आईला जे कळत होतं ते तुमच्या ‘हं’ म्हणण्यातल्या उशिरावरून कळत होतं. त्या पिढीला फोनवर फार कौशल्यानं बोलता येत नाही, मात्र समोरचं माणूस ऐकतंय की नाही हे तिला आवाजावरून ओळखता येतं. आणि महिन्यातून एक रविवार मुलीला घेऊन एस.टी.नं जा. प्रवासात तुमच्या दोघींचं बोलणं होईल, ते वेगळंच.

यातून अधूनमधून घसरण होईल. परीक्षांचा काळ येईल, निवडणुकीची ड्युटी लागेल, एखाद्या आठवड्यात चार रात्री लिंक भरण्यात जातील, आणि त्या निमित्तानं रील्सही परत येतील. तेव्हा सगळं मोडलं म्हणून सोडून देऊ नका. आठवडा संपला की ठरलेल्या वारी ठरलेला तास पुन्हा सुरू करा. हे घरातल्या सगळ्यांचं ठरलेलं असेल तर तुम्ही विसरलात तरी मुलगी आठवण करून देईल. माझा सगळा भर ‘मिळून’ या गोष्टीवर आहे तो यासाठीच.

आता मुलाचा फोन.

काढून घेऊ नका. पंधरा वर्षांच्या मुलाचा फोन आईबापानं हातातून ओढून घेतला, आणि स्वतःचे तसेच वापरत राहिले, तर त्याला त्यात अभ्यास दिसत नाही, अन्याय दिसतो. शिवाय त्याच्या क्लासच्या नोट्स, सरावपत्रिका, शंका सगळं त्याच्यावरच येत असणार. त्याच्याशी वर्षाचं बोलण्यापेक्षा आठवड्याचं बोला. ‘तुला अभ्यासाला फोन कशाकशासाठी लागतो?’ असं विचारा आणि त्यालाच यादी करू द्या. ज्या सरावपत्रिका आहेत त्या झेरॉक्सच्या दुकानातून छापून आणा. कागदावर सोडवताना मध्येच मेसेज दिसत नाही, आणि बोर्डाची परीक्षाही कागदावरच द्यायची आहे. व्हिडिओ बघायचे असतील तर ते बाहेरच्या खोलीत, ठरलेल्या वेळी. रात्री दहानंतर त्याचा फोन तुमच्या फोनांच्या शेजारी, त्याच जागी. तुमचे फोन तिथे दिसले तर तो फारशी कुरकुर करणार नाही.

एका गोष्टीवर लक्ष ठेवा. फोन न मिळाल्यावर तो चिडत असेल तर ते या वयात नवीन नाही. पण झोप उडाली, जेवणावरची वासना गेली, मित्रांमध्ये जाणं बंद झालं, पहाटेपर्यंत चोरून खेळ चालू आहेत, आणि हे काही आठवडे तसंच चाललं आहे, असं दिसलं तर शिस्तीचा प्रश्न समजून ओरडू नका, मदत घ्या. बेंगळुरूच्या निम्हान्स संस्थेत अशा त्रासासाठी २०१४ पासून वेगळं उपचारकेंद्र चालतं, इतका तो आता वैद्यकाच्या ओळखीचा झाला आहे. तुम्हाला तेवढं लांब जायची गरज नाही. केंद्र सरकारची टेलि-मानस ही सेवा १४४१६ या क्रमांकावर विनामूल्य आहे आणि तिथे मराठीत बोलता येतं. तो स्वतः फोन करू शकतो, तुम्हीही करू शकता. दहावीच्या वर्षात मुलाला कुणा तिसऱ्याशी बोलावंसं वाटलं तर त्याला तो क्रमांक माहीत असावा, म्हणून फोन ठेवायच्या त्या जागी, भिंतीवर, तो लिहून ठेवा.